रुमालाखालचे बोलणे

आंब्याच्या हंगामात भल्या सकाळी वाशीच्या फळबाजारात गेलात, तर एक गंमत पाहायला मिळण्याचा संभव असतो. पेट्यांच्या थप्पीशेजारी दोन गृहस्थ समोरासमोर उभे असतात. हस्तांदोलनासाठी करावेत तसे हात पुढे केलेले, पण त्या हातांवर एक रुमाल नाहीतर पंचा टाकलेला. चेहरे कमालीचे निर्विकार. एकजण वर पत्र्याकडे पाहतो आहे, दुसरा पेटीतल्या आंब्यांकडे. तोंडातून शब्द नाही. रुमाल मात्र अधूनमधून हलतो, पिशवीत मांजराचे पिल्लू घातल्यासारखा. अर्ध्या मिनिटाने एकजण हात झटकतो, चार पावले निघून जातो, परत येतो, पुन्हा हात रुमालाखाली. मग दोघांच्याही माना एकदम हलतात, हमाल पुढे होतो आणि पेट्या उचलल्या जातात. काही हजारांचा व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत पुरा झालेला असतो आणि आपल्याला त्यातले अक्षर कळलेले नसते.

मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्याबरोबर माझा पुतण्या होता, वय वर्षे नऊ. त्याने विचारले, "काका, हे पंजा लढवतायत का?" मी उत्तर दिले नाही, कारण मी हरखून गेलो होतो. ज्या वस्तूच्या शोधात आमचे अर्धे बालपण गेले ती वस्तू, म्हणजे एक खरीखुरी, चालती, पोट भरणारी गुप्त भाषा माझ्यासमोर उभी होती. आणि तीही कुठे, तर एपीएमसी मार्केटात, आंब्याचा पेंढा आणि गाड्यांच्या धुरामध्ये!

आमच्या लहानपणी गुप्त भाषा ही सायकलच्या खालोखाल हवीशी वाटणारी वस्तू होती. 'च'ची भाषा सगळ्यांनाच यायची. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. मला पाणी दे, म्हणजे 'चलाम चाणीप चेद'. दोन दिवस आम्ही घरात राजकारण केल्यासारखे बोलत होतो. तिसऱ्या दिवशी आईने स्वयंपाकघरातून सांगितले, "चेवायलाज चसाब." तिथे त्या भाषेचा जीव गेला. गुप्त भाषा आईला येता कामा नये, हा तिचा पहिला नियम.

मग पुस्तकांकडे वळलो. 'चांदोबा' मराठीत निघू लागला १९५२मध्ये. त्याचे अंक आमच्या वाचनालयात पाने सुटेपर्यंत फिरत. त्यातल्या विक्रम-वेताळाची मूळ कथा फार जुनी, अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ती आहे. पण आमच्या डोळ्यांपुढे यायचे ते चित्रकार शंकर यांनी काढलेले चित्र. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि तोंड घट्ट मिटलेला राजा. या गोष्टीतली खरी अट कोणती? तर मौन. राजाने तोंड उघडले की वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर. फळबाजारातले ते दोघे मला विक्रमाचेच वारसदार वाटतात. बोललात, की सौदा झाडावर!

दुसरा वेताळ भेटायचा इंद्रजाल कॉमिक्समध्ये. ही मालिका १९६४ ते १९९० अशी चालली आणि इंग्रजीतला फँटम तिच्या मराठी अंकात वेताळ होऊन आला. एक वेताळ प्रेतात राहणारा, एक कवटीच्या गुहेत राहणारा. आमच्या मनात दोघांची भाऊबंदकी होती. या दुसऱ्याच्या अंगठीचा ठसा खलनायकाच्या जबड्यावर उमटायचा आणि ज्याला कळायचे त्याला कळायचे. शेरलॉक होम्सची नाचऱ्या माणसांची गोष्ट १९०३ची. तिच्यात काड्यांच्या माणसांची चित्रे म्हणजे अक्षरे असतात आणि इंग्रजीत 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते, एवढ्या सुताने होम्स स्वर्ग गाठतो. आम्हीही वहीच्या मागच्या पानांवर माणसे नाचवून पाहिली. पण मराठीची अडचण अशी, की बाराखडीला माणसे पुरेनात. 'कौ' लिहिताना एका इसमाला तिसरा पाय काढावा लागला, तेव्हा तो उद्योग आम्ही सोडला.

आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश १९८७मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपाने आला, २०१७मध्ये चित्रपटात अमेय वाघच्या रूपाने. तो फळबाजारात असता, तर रुमालाकडे पाहून नुसता 'ट्टॉक' करून थांबला नसता. त्याने रुमालाखाली डोकेच घातले असते. माझे वय तेव्हा तसे करण्याचे राहिले नव्हते. म्हणून मी चौकशी केली आणि वाचत बसलो.

आधी जागेविषयी थोडे. ज्याला आपण वाशी मार्केट म्हणतो ते खरे म्हणजे बरेचसे तुर्भ्याच्या हद्दीत आहे. पण ते सोडा. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७मध्ये स्थापन झाली. त्यानंतर क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, मस्जिद बंदर इथला घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आला. सुरुवात ऐंशीच्या दशकात कांदा-बटाट्याने झाली. मसाले, धान्य, फळे, भाजीपाला ही मंडळी नव्वदीत आली. अशी पाच मार्केटे. व्यापार आला तसे शब्दही सामानात बांधून आले. धान्याच्या मार्केटला लोक अजून 'दाणाबंदर' म्हणतात. आसपास एक गलबत दिसेल तर शपथ. अशाच सामानातून, जुन्या वजनमापांबरोबर आणि चोपड्यांबरोबर, ही रुमालाखालची रीतही पूल ओलांडून आली.

तिला व्यापारात 'हत्ता पद्धत' म्हणतात. आता आकाशवाणीवर बोटे दाखवता येत नाहीत, ही या विषयाची मोठीच अडचण. तरी सांगून पाहतो. रुमालाखाली एकजण दुसऱ्याची बोटे धरतो. जितकी धरली तितका आकडा. तो शेकड्यातला की हजारातला, हे बोलायचे कारणच नसते. समोर देवगडचा पहिल्या प्रतीचा हापूस आहे की उन्हाने भाजलेला माल, यावरून दोघांनाही ते ठाऊक असते. समोरचा तीच बोटे कमी-जास्त करून आपला आकडा सांगतो. आवडले नाही तर हात सोडायचा. बस्स, एवढेच व्याकरण.

या व्याकरणाचे सविस्तर वर्णन मात्र मला बाजारात मिळाले नाही. ते मिळाले एका फ्रेंच जवाहिऱ्याकडे. झाँ-बाप्तिस्त टॅव्हर्निये सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. ज्यातून पुढे 'होप' हिरा घडवला गेला, तो निळा हिरा युरोपात नेणारा हाच. त्याचे प्रवासवर्णन १६७६मध्ये छापून निघाले. दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर त्याने पाहिलेला सौदा असा: दोघे शिंप्यांसारखी मांडी घालून समोरासमोर बसतात आणि एकजण कमरेचे वस्त्र सोडून हातांवर घेतो. सबंध हात धरला की हजार. जितक्या वेळा दाबला तितके हजार. पाची बोटे धरली तर पाचशे, एक धरले तर शंभर. बोटाचे मधल्या पेरापर्यंत धरले तर पन्नास, नुसते टोक धरले तर दहा. म्हणजे सबंध हात दोनदा दाबला, मग तीन बोटे धरली, मग एक बोट मधल्या पेरापर्यंत, की झाले दोन हजार तीनशे पन्नास. टॅव्हर्नियेला नवल वाटले ते याचे, की भरल्या सभेत हिऱ्यांची तीच पुडी पाच-सहा वेळा विकली जाई आणि बसलेल्यांना किंमत कळत नसे. त्याच्याही दीडेकशे वर्षे आधी व्हार्थेमा नावाच्या इटालियन प्रवाशाने कालिकतच्या बाजारात हाच खेळ पाहून लिहून ठेवला आहे. तेव्हा आपल्या फळबाजारातला तो पंचा निदान पाचशे वर्षांचा आहे. धुतलेला कधी, ते विचारू नये.

मराठी माणूस या विद्येत मागे नव्हता. आपल्याकडे व्यापाऱ्यांची एक 'नंदभाषा' होती. मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकात आपल्या मराठी-इंग्रजी कोशात तिची दखल घेतली आहे. गिऱ्हाईक समोर उभे असताना दुकानदार आणि दलाल आकडे बोलत ते असे: केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, तेवसू नऊ आणि अंगुळू दहा. बोटांवरून दहाला अंगुळू झाले असावे, असा आपला माझा तर्क. सात पवित्र का, हे मी कुणा कुणाला विचारून दमलो. हे शब्द मी पुतण्याला शिकवले, तर त्याने आठवडाभर गणिताचे पाढे नंदभाषेत म्हणून शाळेतून चिठ्ठी आणली.

आकड्यांच्या पुढे जाऊन अक्षरेसुद्धा हाताने बोलायची सोय होती. तिचे नाव करपल्लवी. हात नागाच्या फडीसारखा केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्रासारखा फिरवला की च-वर्ग, धनुष्याची दोरी ओढल्यासारखा केला की ट-वर्ग. मग बोटे दाखवून त्या वर्गातले कितवे अक्षर, ते सांगायचे. म्हणजे नुसते 'कट' म्हणायला आधी कमळ फुलवायचे, एक बोट दाखवायचे, मग धनुष्य ओढायचे आणि पुन्हा एक बोट. इतका वेळ लागणारा कट कोण करील, हा प्रश्न आहेच. महानुभाव पंथीयांनी तर आपले ग्रंथच सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. मराठीतले किती तरी जुने गद्य त्यामुळे शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या कुलपाची किल्ली शोधली. मला मुलांच्या पुस्तकातल्या कुठल्याही गुप्तहेरापेक्षा हा प्रकार थरारक वाटतो.

पण बाजारात रुमाल लागतो कशाला? सरळ ओरडून भाव सांगता येत नाही? शेअर बाजारात तसेच तर होते. मुंबई शेअर बाजारात १९९५मध्ये संगणक येईपर्यंत दलाल रिंगणात उभे राहून हातवारे करत आणि घसा फोडून ओरडत. २०२०मध्ये आलेल्या 'स्कॅम १९९२' या मालिकेने नव्या पिढीला ते रिंगण दाखवले. तिथले हातवारे सगळ्यांनी पाहावेत म्हणून होते. इथले कुणी पाहू नयेत म्हणून.

व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलायचे तर कारणे आहेत, आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. बाजारात कलकलाट इतका, की बोललेले ऐकू येणे कठीण. विकणारा मराठी, घेणारा गुजराती, पुढे हातगाडीवर विकणारा उत्तर प्रदेशाचा. बोटांना भाषा लागत नाही. शिवाय एकाने पडता भाव सांगितला आणि तो सर्वांनी ऐकला, की बाकीचेही तिथेच अडून बसतात. रुमालाखाली प्रत्येकजण आपल्या अंदाजाने बोलतो. आपण ज्याला बंद पाकिटातली निविदा म्हणतो, ती याहून वेगळी काय असते? आणि एक माणुसकीचे कारण. दोघांत घासाघीस फिसकटली, तरी चारचौघांत कुणाचा पाणउतारा होत नाही. रुमाल झटकला, की झालेले सगळे झटकले.

हे सगळे पटते. पण मला एक माणूस आठवतो. तो या रुमालाच्या आसपास कधीच नसायचा.

माझ्या मामाची देवगडकडे थोडी कलमे. लहानपणी मे महिना तिथेच जायचा. मोहोर येण्याआधीपासून मामाची झोप उडालेली असे. फवारणी, राखण, वानरे, अवकाळी पाऊस. मग आंबे उतरवायचे, देठ सांभाळायचा, प्रतवारी करायची, पेटीत पेंढा घालून एकेक फळ बाळासारखे निजवायचे. पेटीच्या फळीवर मामा स्वतः काळ्या शाईने आडत्याच्या नावाचे अक्षर घाली. संध्याकाळी ट्रक यायचा आणि पेट्या मुंबईला जायच्या. पुढच्या घटनेला मामा साक्षीदार नसे. आठवड्याने टपालाने एक पट्टी येई, कार्बनच्या जांभळ्या अक्षरांत. पेट्या इतक्या, दर इतका, वजा आडत, वजा हमाली, वजा मोटारभाडे, बाकी इतकी. त्यातून पावसाळ्यात घेतलेली उचल पुन्हा वजा. मामा चष्मा लावून ती पट्टी दोनदा वाचायचा, घडी करून खिळ्याच्या तारेला टोचायचा.

मी एकदा विचारले, "मामा, हा दर बरोबर कशावरून?"

मामा म्हणाला, "माका काय ठावक? भाव थंय ठरता, मी हंय रवतंय."

तो आडत्या प्रामाणिकही असेल. दर दिवाळीला त्याच्याकडून मिठाईचा पुडा येत असे आणि मामीच्या आजारपणात त्यानेच न मागता पैसे पाठवले होते. पण त्याचा प्रामाणिकपणा तपासण्याचे काही साधनच मामाकडे नव्हते. पट्टीवरचा दर तोच रुमालाखालचा दर, असे मानायचे आणि पुढच्या मोहोराची वाट पाहायची. घेणाऱ्याला भाव ठाऊक, विकून देणाऱ्याला ठाऊक. ज्याने आंबा वाढवला तो मात्र 'च'च्या भाषेतल्या आमच्या आईसारखा बाहेर. फरक इतकाच, की आईने दोन दिवसांत ती भाषा फोडली. मामाला ते तीस वर्षांत जमले नाही, कारण त्याच्यासमोर ती कुणी बोललेच नव्हते.

बाजाराला कायदा लागला तो याच कारणाने. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७मध्येच कायदा झाला. राज्याचा कृषी पणन कायदा १९६३चा. वजन खरे असावे, सौदा उघड व्हावा आणि शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव कळावा, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा. हत्ता पद्धतीला त्यात जागा नाही, आणि ती बंद व्हावी अशी मागणी बागायतदारांनी वेळोवेळी केलेली आहे. २०१६मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. त्याच वर्षी केंद्राचा ई-नाम हा संगणकावरचा बाजारही सुरू झाला. तिथे बोटे चालतात, पण ती कळफलकावर. कायद्याचे हात लांब असतात म्हणतात; परंतु ते रुमालाखाली शिरायला फार वेळ लावतात, हे मात्र खरे.

मामा आता नाही. कलमे मामेभाऊ पाहतो. तो निम्मा माल बाजारात पाठवतो आणि निम्मा थेट मुंबई-ठाण्याच्या घरांत पोचवतो. हंगामाच्या सुरुवातीला तो मोबाइलवर दरपत्रक टाकतो. डझनाचा भाव, फळाचे वजन, पेटी घरपोच, सगळे उघड आणि स्वच्छ. मी त्याचे कौतुक केले. म्हटले, तुझ्या बापाला जे मिळाले नाही ते तू सगळ्यांना देतोयस.

तो हसला आणि त्याने मला फोन दाखवला. दरपत्रकाखाली सगळ्यांसमोर एकानेही काही विचारलेले नव्हते. विचारणारे सगळे त्याच्या खासगी खिडकीत आले होते. ठाण्याच्या एका काकू लिहीत होत्या, मी चार पेट्या घेते, मला किती लावशील? दादरचे एक गृहस्थ जुन्या ओळखीचा दाखला देत होते. आणि मामेभावाने प्रत्येकाला वेगळा आकडा लिहून त्याखाली एकच वाक्य टाकले होते: तुमच्यासाठी म्हणून देतोय, पण कुणाला सांगू नका.

मी खाली सरकवत गेलो, तर तिसऱ्या क्रमांकावर माझ्याच बायकोचे नाव होते. तिला काय भाव दिला ते त्याने अंगठ्याने झाकून धरले.